इन्फेक्शननंतर एन्झाइम कधी वर, कधी खाली: शोध कुठून सुरू करायचा

लक्षण असं असतं. पेशींना विषाणू दिला, ठरल्या तासाला पेशी खरवडल्या, लायसेट केला (पेशी फोडून आतला द्रव काढला), एन्झाइम मोजला. मार्चमध्ये क्रिया दीडपट वाढलेली दिसली. मे महिन्यात तोच विषाणू, त्याच पेशी, आणि क्रिया घटलेली. पावसाळ्यात फरकच नाही. गाईड म्हणतात, पुन्हा कर. पुन्हा केलं की चौथंच उत्तर.

बडोद्यात ही तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची मुलं असतात, पीएच.डी.ची असतात, मकरपुऱ्याकडे नोकरी करणारेही असतात. दांडिया बाजारातली एक मुलगी तर अख्खी वही घेऊन घरी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, व्हायरसचा मूड दर महिन्याला बदलतो का हो?"

व्हायरसला मूड नसतो. विषाणूमुळे पेशींतले एन्झाइम बदलतात हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण "एकदा वर, एकदा खाली" असं दिसतं तेव्हा गोंधळ बहुतेक वेळा विषाणूत नसतो. तो भागाकाराच्या छेदात असतो, नाहीतर कंट्रोलमध्ये. म्हणून नवीन किट मागवण्याआधी, प्रायमर मागवण्याआधी तर नक्कीच, पुढच्या क्रमानं बघा.

आधी छेद

त्या मुलीच्या वहीत एकच आकडा होता: दर मिलिग्रॅम प्रथिनामागे एन्झाइमची युनिटं. बहुतेकांच्या वहीत तेवढंच असतं, कारण पुस्तकात विशिष्ट क्रिया अशीच काढायला शिकवतात. निरोगी पेशींसाठी ते ठीक आहे. इन्फेक्शन झालेल्या पेशींत प्रथिन हा छेद स्वतःच हलत असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवते. मॉक वेलमध्ये (विषाणू न दिलेल्या, तुलनेसाठीच्या प्लेटच्या खळग्यात) ६ लाख पेशी, ०.३० मिलिग्रॅम प्रथिन आणि लायसेटमध्ये एन्झाइमची ६०० युनिटं. इन्फेक्टेड वेलमध्ये पेशी वाढल्याच नाहीत, त्या ४ लाखांवर थांबल्या. प्रथिन ०.१६ मिलिग्रॅम, एन्झाइम ४८० युनिटं. आता दर वेलमागे बघितलं तर क्रिया २० टक्के घटली. दर लाख पेशींमागे बघितलं तर १०० ची १२० झाली, म्हणजे २० टक्के वाढली. दर मिलिग्रॅम प्रथिनामागे २००० ची ३००० झाली, सरळ ५० टक्के वाढ. प्रयोग एक, प्लेट एक, उत्तरं तीन. आणि अजून आपण मीडियमकडे बघितलेलंही नाही.

मीडियम बघायलाच हवं, कारण इन्फेक्टेड पेशी गळतात. समजा मॉकच्या मीडियममध्ये ३० युनिटं सापडली आणि इन्फेक्टेडच्या मीडियममध्ये २७०. आता एकूण बेरीज ६३० विरुद्ध ७५०. मघाशी घटलेली "दर वेल" क्रिया आता १९ टक्क्यांनी वाढलेली आहे. एन्झाइम कुठे गेला नव्हता, फक्त पेशीतून बाहेर पडला होता.

इथे एक चोरवाट आहे, ती नीट बघा. लॅक्टेट डिहायड्रोजनेजसारखे (एलडीएच) एन्झाइम पेशीच्या द्रवात मोकळे असतात, आवरण फाटलं की लगेच बाहेर पडतात. मायटोकाँड्रियातले सक्सिनेट डिहायड्रोजनेज किंवा सिट्रेट सिंथेज मागेच राहतात. पण पेशीद्रवातली मोकळी प्रथिनंही एलडीएचबरोबर बाहेर गेलेली असतात. म्हणजे लायसेटमधलं एकूण प्रथिन घटलं, मायटोकाँड्रियाचा एन्झाइम होता तेवढाच राहिला, आणि कागदावर दिसलं की "विषाणूनं सक्सिनेट डिहायड्रोजनेज वाढवला". कोणी काही वाढवलेलं नाही. असा निष्कर्ष पोस्टरवर छापून लागलेला मी बघितलाय. कुठल्या कॉन्फरन्समध्ये ते सांगत नाही.

मग छेद कुठला धरायचा? माझं मत स्पष्ट आहे: विषाणू देण्याच्या वेळी वेलमध्ये किती पेशी होत्या तो आकडा. त्यासाठी दोन-तीन जादा वेल ठेवा आणि विषाणू देण्याच्या क्षणी त्या ट्रिप्सिननं सोडवून मोजून टाका. तो आकडा नंतर काही झालं तरी बदलत नाही. डीएनएनं भागायचा सल्ला मिळेल. आरएनए विषाणूंना तो बऱ्यापैकी चालतो, पण हर्पिस किंवा व्हॅक्सिनियासारखे डीएनए विषाणू पेशीत स्वतःचा डीएनए ढिगानं बनवतात आणि छेद फुगतो. ॲक्टिनच्या (पेशीत नेहमी सारखं असतं असं धरलेल्या प्रथिनाच्या) पट्टीवर तर अजिबात विसंबू नका. हर्पिस सिम्प्लेक्सच्या कणात एक प्रथिन आधीपासून भरलेलं असतं, ते पेशीत शिरताच यजमानाचे एमआरएनए कापायला लागतं. पोलिओचा प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारा एन्झाइम) पेशीची भाषांतर यंत्रणा, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनवणारी यंत्रणा, चालवणारा एक घटक तोडतो आणि काही तासांत यजमानाची प्रथिननिर्मिती जवळजवळ बंद पडते. अशा पेशीत "घरकाम करणारं जनुक स्थिर असतं" हे गृहीतच उरत नाही.

प्रथिनामागचे आकडेही द्या, परीक्षक मागतातच. फक्त शेजारी दर वेल आणि मीडियमची बेरीज द्या. तीनही एकाच दिशेला गेले तर निश्चिंतपणे पुढे जा.

कंट्रोल: "विषाणू दिला नाही" एवढं पुरत नाही

विषाणूचा साठा कसा बनतो ते आठवा. व्हेरो (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) पेशींत विषाणू वाढवला, पेशी फुगून सुटल्या, तीनदा गोठवून वितळवल्या, सेंट्रिफ्यूज केलं आणि वरचं पाणी कुप्यांत भरलं. त्या कुपीत विषाणू आहे, आणि त्याबरोबर फुटलेल्या लाखो पेशींचा सगळा ऐवज आहे: एलडीएच, फॉस्फेटेझ, प्रोटिएझ, वाढीचे घटक, आणि दुसऱ्या पेशींत वाढवला असेल तर इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिनही. (व्हेरो पेशी स्वतः टाइप १ इंटरफेरॉन बनवू शकत नाहीत, त्या जनुकांचा तुकडाच त्यांच्यात गळालेला आहे. म्हणून व्हेरोतला निकाल ए५४९ (माणसाच्या फुप्फुसाच्या) पेशींत तसाच येईल असं धरू नका.)

तुम्ही हे सगळं इन्फेक्टेड वेलमध्ये घालता आणि मॉकमध्ये घालता नुसतं मीडियम. फरक निघणारच. मॉक असा बनवा: विषाणू न दिलेल्या पेशी तितकेच दिवस ठेवा, तितक्याच वेळा गोठवा-वितळवा, तेच वरचं पाणी तेवढंच घाला. इन्फ्लुएंझा अंड्यात वाढवला असेल तर मॉकसाठी निरोगी अंड्याचा ॲलँटॉइक द्रव. एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या) पेशींत इन्फ्लुएंझासाठी ट्रिप्सिन घालता ना? ते मॉकमध्येही घाला. ट्रिप्सिन पृष्ठभागावरचे एन्झाइम कुरतडतं आणि दोष विषाणूच्या नावावर जातो.

आणखी एक नमुना हवा, जो जवळजवळ कोणीच घेत नाही: शून्य तासाचा. विषाणू ४ अंशांवर तासभर पेशींना चिकटू द्या, थंड बफरनं धुवा, आणि लगेच लायसेट करा. यात मॉकपेक्षा जेवढा जास्त एन्झाइम सापडेल तो बाहेरून आलेला. इन्फ्लुएंझाच्या कणावर न्यूरामिनिडेझ बसलेलाच असतो, पेशीनं काही बनवायच्या आधी तो वेलमध्ये हजर असतो. व्हॅक्सिनियाच्या कणात आरएनए पॉलिमरेझ भरलेला असतो, रिट्रोव्हायरसमध्ये रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेझ. शून्य तासाचा हा जादा आकडा वजा केल्याशिवाय "वाढ" म्हणू नका.

अतिनील किरणांनी निकामी केलेला विषाणू हा तिसरा कंट्रोल. यात कण शिरतो, पण त्याची जनुकं चालत नाहीत. मात्र हर्पिसच्या बाबतीत वर सांगितलेलं एमआरएनए कापणारं प्रथिन कणाबरोबरच येतं, म्हणून या कंट्रोलमध्येही यजमानाचे काही एन्झाइम घसरू शकतात. ते बघून "किरण नीट लागले नाहीत" असं ठरवून दिवा बदलायला धावू नका.

मीडियम बदलताना सगळ्या वेलचं बदला. विषाणू शोषून झाल्यावर इन्फेक्टेड वेलना ताजं सीरमवालं मीडियम मिळालं आणि मॉकला जुनंच राहिलं, तर विश्रांतीतल्या पेशी ताज्या सीरमनं जाग्या होतात आणि पुढच्या दिवसात डीएनए बनवण्याच्या टप्प्यात जातात. त्या टप्प्याचे एन्झाइम मग एकाच बाजूला वाढतात.

उन्हाळा, उत्तरायण आणि पूर

हे वाचून हसू येईल, पण बडोद्याचं कॅलेंडर रीडिंगमध्ये उतरतं.

मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर असतो. नेहमीच्या इन्क्युबेटरला फक्त गरम करता येतं, थंड करता येत नाही. खोली इन्क्युबेटरच्या नेमलेल्या तापमानापेक्षा निदान ५ अंश थंड असेल तरच तो ३७ वर टिकतो. रात्री किंवा रविवारी कोणी "वीज वाचवू या" म्हणून कल्चर रूमचा एसी बंद केला, की आतलं तापमान ३९-४० वर चढतं. सोमवारी सकाळी एसी सुरू होतो, दहा वाजता तुम्ही बघता तेव्हा पॅनेलवर ३७ आणि सगळं आलबेल. पेशींनी मात्र उष्णतेचा धक्का खाल्लेला असतो आणि विषाणूची वाढही वेगळ्या गतीनं झालेली असते. उपाय स्वस्त आहे: कमाल-किमान दाखवणाऱ्या थर्मामीटरचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ती बाटली इन्क्युबेटरच्या मधल्या कप्प्यात ठेवा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, बाटलीचं बदलत नाही. खालचा पाण्याचा ट्रेही तेव्हाच बघा. उन्हाळ्यात तो लवकर आटतो, प्लेटच्या कडेच्या वेलमधलं मीडियम दाटतं, आणि मॉक नेहमी मधे व इन्फेक्टेड कडेला लावायची सवय असेल तर तो दाटपणाही इन्फेक्शनचा परिणाम म्हणून मोजला जातो.

मोजणीच्या टेबलावर उष्णता आणखी वाईट वागते. दर १० अंशांना एन्झाइमचा वेग साधारण दुप्पट होतो. तापमान न धरणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर जानेवारीत २४ अंशांना घेतलेलं रीडिंग आणि मे महिन्यात एसीच्या झोताबाहेर ३४ अंशांना घेतलेलं रीडिंग यांची तुलनाच होऊ शकत नाही. एकाच दिवसात मॉक सकाळी आणि इन्फेक्टेड दुपारी मोजले तर तसंच. क्युव्हेटमध्येच बारीक थर्मामीटर बुडवून बघा. बफर फ्रिजमधून काढून लगेच ओतलेला असेल तर पहिली दोन मिनिटं रेघ वाकडी येते, वेग हळूहळू वाढताना दिसतो, आणि प्रत्येकजण आपापल्या आवडीच्या तुकड्यावरून उतार काढतो.

उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारी कोणी लॅबमध्ये येत नाही. नवरात्रात रात्री गरबा आणि दिवसा झोप. पेशींचा पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये हलवणं) दोन दिवस लांबतो, फ्लास्क भरून जातो, पेशी वाढ थांबवून बसतात. आता थायमिडिन कायनेज घ्या, म्हणजे थायमिडिन या डीएनएच्या घटकाला फॉस्फेट लावणारा एन्झाइम. पेशीचा स्वतःचा टीके-१ हा डीएनए बनण्याच्या टप्प्यात वर असतो, विश्रांतीतल्या पेशीत नगण्य. भरलेल्या फ्लास्कमधून लावलेल्या प्लेटमध्ये मॉकचा आकडा तळाला असतो, म्हणून इन्फेक्शननंतरची वाढ प्रचंड दिसते. पुढच्या महिन्यात भरभर वाढणाऱ्या पेशींत मॉकच इतका वर असतो की वाढ गायब. एसव्ही४०, पॉलिओमा, ॲडिनो यांसारखे विषाणू विश्रांतीतल्या पेशीला ढकलून डीएनए बनवायला लावतात. १९६५ मध्ये डल्बेको आणि सहकाऱ्यांनी पॉलिओमावर हेच दाखवलं होतं. म्हणजे इथे दोन्ही निकाल खरे आहेत, फक्त पेशींची अवस्था वेगळी होती. वहीत पॅसेज क्रमांक लिहिता तशी "किती टक्के भरलेली" ही नोंदही लिहा आणि विषाणू नेहमी त्याच अवस्थेत द्या.

पावसाळा म्हणजे वीज. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा शहराच्या कितीतरी भागांत पाणी आणि अंधार दोन्ही होतं. उणे ८० चा फ्रीझर अर्धवट वितळून पुन्हा गोठला तर कुपीवरचं लेबल तेच राहतं, आतला विषाणू मेलेला असतो. टायटर (साठ्यातल्या जिवंत विषाणूंचं प्रमाण) दहापटीनं पडलं आणि तुम्ही जुन्या आकड्यावर एमओआय (दर पेशीमागे दिलेले विषाणू) १ समजून विषाणू दिला, तर खरा एमओआय ०.१ होतो. हिशेब पॉइसनचा: एमओआय १ ला ३७ टक्के पेशी विषाणूविनाच राहतात, ०.१ ला ९० टक्के. दहा पेशींतल्या एकीत एन्झाइम पाचपट झाला तरी एकूण रीडिंग दीडपटही होणार नाही. सगळ्या पेशी एकदमच इन्फेक्ट व्हायला हव्या असतील तर ५ च्या आसपास जा, तिथे एक टक्क्याहून कमी सुटतात. आणि वीज मोठी गेली की टायटर पुन्हा काढा, लेबलवर विश्वास ठेवू नका.

अर्ध्या तासाची चाचणी

माझी सगळ्यात आवडती चाचणी, आणि हिला खर्च शून्य. मॉकचा लायसेट आणि इन्फेक्टेड लायसेट समान घ्या, एकत्र करा, मोजा.

मॉकला १०० युनिटं आली, इन्फेक्टेडला ४०. अर्धं-अर्धं मिसळल्यावर ७० यायला हवीत. ७० आली तर एन्झाइम खरोखरच कमी आहे. ४५ आली तर इन्फेक्टेड लायसेटमध्ये असं काहीतरी आहे जे मॉकच्या चांगल्या एन्झाइमलाही दाबतंय किंवा खातंय. मग मिश्रणाची एक नळी बर्फात आणि एक ३७ अंशांवर ठेवून वेळोवेळी मोजा. ३७ ची झपाट्यानं उतरली तर प्रोटिएझवर संशय. दोन्ही सारख्याच राहिल्या, पण खालीच, तर निरोधक. तो लहान रेणू असेल तर डायलिसिस करा किंवा छोट्या जेलच्या कॉलममधून काढा, रीडिंग परत येतं. उलट मिश्रण ९० दाखवत असेल तर इन्फेक्टेडमध्ये काहीतरी कमी पडतंय, धातूचं आयन किंवा सहघटक, जे मॉकनं पुरवलं.

याच वेळी लायसेट निम्मा करून वेगही निम्मा होतो का ते बघा. होत नसेल तर तुम्ही सरळ रेषेच्या बाहेर मोजताय, सब्सट्रेट संपतंय, आणि जास्त एन्झाइमवाला नमुना कमी दिसतोय.

प्रोटिएझ निरोधकांबद्दल एक-दोन गोष्टी. पीएमएसएफ पाण्यात पडला की तास-दोन तासांत निकामी होत जातो, सकाळी बनवलेल्या बफरमध्ये संध्याकाळी तो नसतोच. कॉकटेलमध्ये ईडीटीए असेल तर कायनेजचं मॅग्नेशियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेझचं जस्त तोच ओढून नेतो. आणि लायसेट गोठवण्याबद्दल: एलडीएचचे सगळे प्रकार थंडीत टिकत नाहीत, यकृताकडचा पाचवा प्रकार गोठवल्यावर बराच खराब होतो. मॉक ताजा आणि इन्फेक्टेड गोठवलेला, असं मोजू नका.

रंगाच्या किटवाल्यांसाठी एक दृश्य. ४८ तासांची प्लेट इन्क्युबेटरमधून काढा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. मॉकचे वेल पिवळसर-नारिंगी झालेले असतात, कारण पेशी जोमात वाढून आम्ल सोडतात. विषाणूनं थांबवलेल्या वेलचं मीडियम अजून गुलाबी असतं. हा मीडियममधला आम्लता दाखवणारा रंग, फिनॉल रेड, ५६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, गुलाबी असताना जास्त. एमटीटी (पेशींनी क्षपण केलं की जांभळा होणारा रंग) ५७० ला वाचताना किंवा एलडीएचचा रंग ४९० ला वाचताना तुम्ही एन्झाइमबरोबर मीडियमचा रंगही वाचताय. फिनॉल रेड नसलेलं मीडियम घ्या, नाहीतर पेशींविना ठेवलेला, पीएच जुळवलेला ब्लँक घ्या. मीडियममध्ये सोडियम पायरुव्हेट आहे का तेही बाटलीवर वाचा, तो एलडीएचच्या किटला अडवतो. गाईच्या वासराच्या सीरममध्ये स्वतःचा एलडीएच असतो, हे तर आता सगळ्यांना ठाऊक असावं.

एमटीटीबद्दल माझं मत थोडं कडक आहे: विषाणूच्या प्रयोगात तो "जिवंत पेशी" मोजतो असं लिहूच नये. तो पेशींची क्षपण करण्याची ताकद मोजतो, आणि तीच तर विषाणू बदलत असतो.

मायकोप्लाझ्मा, आणि गुपचूप राहणारे पाहुणे

हे सगळं करूनही निकाल डोलतच असेल तर मायकोप्लाझ्मा (एक अतिसूक्ष्म जिवाणू) तपासा. खरं तर आधीच तपासायला हवं, पण कोणी ऐकत नाही म्हणून इथे लिहिते. पेशी-संवर्धनातला हा शिरकाव १९५६ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला आणि तेव्हापासून तो गेलेला नाही. पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन चालत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निसटतो, मीडियम गढूळ होत नाही. पण त्याच्याजवळ स्वतःचे एन्झाइम असतात. काही जातींचा थायमिडिन फॉस्फोरिलेझ तुमचं थायमिडिन तोडून टाकतो, म्हणजे थायमिडिन कायनेज मोजायला घातलेलं सब्सट्रेट कायनेजपर्यंत पोचतच नाही. आर्जिनिन डिअमिनेजवाल्या जाती मीडियममधलं आर्जिनिन संपवतात आणि विषाणूची वाढ मंदावते. सगळ्यात वाईट म्हणजे तो विषाणूच्या साठ्यात शिरला तर प्रत्येक इन्फेक्शनबरोबर तुम्हीच तो वेलमध्ये घालता, आणि "विषाणूनं वाढवलेला एन्झाइम" मायकोप्लाझ्माचा निघतो.

अँटिबायोटिकविना दोन आठवडे वाढवलेल्या पेशी घ्या, पीसीआर करा, जोडीला होएक्स्ट रंग लावून केंद्रकाबाहेर ठिपके दिसतात का ते बघा. साठ्याचीही पीसीआर करा. सापडला तर फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून टाका. औषध देऊन वाचवायचा मोह दुर्मीळ पेशींसाठीच ठेवा. गाईच्या सीरममधून येणारा बीव्हीडीव्ही हा गुरांचा विषाणू दुसरा पाहुणा. तो पेशी मारत नाही, म्हणून "निरोगी" कंट्रोलमध्ये बिनबोभाट राहतो.

बदल खरा निघाला तर: एन्झाइम कोणाचा?

इथपर्यंत टिकलेला बदल खरा समजा. आता तीन शक्यता: विषाणूच्या जनुकावरून बनलेला नवा एन्झाइम, विषाणूनं पेशीकडून जास्त बनवून घेतलेला, किंवा बनणं तेवढंच पण नष्ट होणं कमी झालं.

तिसरी शक्यता लोक विसरतात. १९६० मध्ये व्हर्नन रायली यांना उंदरांत एक विषाणू सापडला, ज्याच्या संसर्गानं रक्तातला एलडीएच ५ ते १० पट चढतो आणि उंदीर मात्र वरवर ठणठणीत. मुख्य कारण असं निघालं की एलडीएच रक्तातून उचलून नेणाऱ्या मॅक्रोफेज पेशीच हा विषाणू मारतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं म्हणून महापालिकेनं जोरात पाणी सोडलं असं होत नाही, खालचा नळ तुंबलेला असू शकतो. संवर्धनातल्या पेशींसाठी याची चाचणी म्हणजे सायक्लोहेक्झिमाइड. नवं प्रथिन बनणं थांबवा आणि मॉक व इन्फेक्टेडमध्ये एन्झाइम किती वेगानं उतरतो ते बघा.

पहिली शक्यता तपासायला थायमिडिन कायनेजचंच उदाहरण उत्तम. १९६३ च्या सुमारास सॉल किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा एन्झाइम नसलेल्या उंदराच्या पेशी वापरल्या. व्हॅक्सिनिया किंवा हर्पिस सिम्प्लेक्स दिल्यावर त्या पेशींत थायमिडिन कायनेज दिसू लागला, म्हणजे तो पेशीचा नव्हता. अशा पेशी मिळाल्या तर प्रश्नच मिटतो. नाही मिळाल्या तर वागणूक तपासा: पेशीच्या टीके-१ ला थायमिडिन ट्रायफॉस्फेट जोरात दाबतो, हर्पिसच्या एन्झाइमला तितका नाही. हर्पिसचा एन्झाइम असायक्लोविरलाही फॉस्फेट लावतो, पेशीचा जवळजवळ लावत नाही. ते औषध चालतंच या फरकावर. मॉक आणि इन्फेक्टेड दोन्ही लायसेटमध्ये ट्रायफॉस्फेटची चढती मात्रा घाला. दोन्ही वक्र एकावर एक बसले तर एन्झाइम पेशीचाच. इन्फेक्टेडचा वक्र वर लटकत राहिला तर नवीन गडी आलाय.

आणि वेळ. "२४ तासांनी काढलं" हे उत्तर पुरेसं नाही. पोलिओचं सगळं चक्र ६ ते ८ तासांत आटपतं, हर्पिस सिम्प्लेक्सचं १८ ते २० तासांत. व्हॅक्सिनियाचा थायमिडिन कायनेज सुरुवातीच्या तासांत चढतो आणि मग त्याची निर्मिती थांबते. एकच वेळ निवडली तर चढावर सापडेल की उतारावर, हे तुमच्या बसच्या वेळेवर ठरतं. निदान चार-पाच वेळा घ्या, पहिल्या बारा तासांत दाट.

एक सुरक्षिततेची गोष्ट, कारण परवाच एकाला हातमोज्यांविना प्लेट रीडरकडे जाताना बघितलं. सोनिकेट केलेला लायसेट जिवंत विषाणूनं भरलेला असतो. ट्रायटन हा डिटर्जंट आवरणवाल्या विषाणूंना मारतो, पोलिओ किंवा ॲडिनोसारख्या बिनआवरणाच्यांना नाही. एन्झाइम टिकवायचा म्हणून विषाणू मारता येत नसेल तर प्लेटला झाकणपट्टी लावून न्या.

मला विचारायला याल तेव्हा आलेख आणू नका. मॉक आणि इन्फेक्टेड, दोन्हींच्या लायसेटची आणि मीडियमची कच्ची रीडिंगं, पेशींची मोजणी, क्युव्हेटचं तापमान, टायटर कधी काढलं ती तारीख आणि मिश्रणाच्या चाचणीचा आकडा एवढं आणा. शनिवारी दुपारी चारनंतर मी घरी असते.